जमिनीवर उभे राहून विमान उडवताना : रिमोट कंट्रोलच्या मर्यादा आणि त्या सांभाळण्याची रीत

रिमोट कंट्रोलवर उडणारे विमान घ्यायला दुकानात आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा 'रेंज किती?' हाच असतो, आणि खोक्यावर छापलेला किलोमीटरभराचा आकडा वाचून त्याचे समाधानही होते. प्रत्यक्षात २.४ गिगाहर्ट्झच्या आजच्या ट्रान्समीटरचा संदेश जिथवर पोहोचतो, त्याच्या कितीतरी अलीकडे उडवणाऱ्याची नजर हात टेकते. विमान सांगितलेले ऐकत असते. त्याला काय सांगायचे, हेच खाली उभ्या माणसाला कळेनासे होते. माझ्या मते या छंदातील खरी मर्यादा रेडिओची नसून उडवणाऱ्याला विमानाची स्थिती किती कळते याची आहे, आणि जागा, वेळ, विमान व उडवण्याची पद्धत या सगळ्या गोष्टी ती मर्यादा डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवाव्यात.

पुढील विवेचन साधारण सव्वा मीटर पंखविस्ताराच्या, फोमच्या, बॅटरीवर चालणाऱ्या, पंख धडाच्या वर बसवलेल्या, चार चॅनेलच्या (म्हणजे चार स्वतंत्र नियंत्रणांच्या) ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमानासाठी आहे. चार पंख्यांचा ड्रोन ज्यांनी उडवला आहे त्यांनी एक फरक आधी लक्षात घ्यावा. ड्रोनच्या दोन्ही स्टिक (ट्रान्समीटरवरच्या छोट्या दांड्या) सोडल्या की तो जीपीएसच्या आधाराने हवेत जागच्या जागी थांबतो आणि उडवणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो. विमानाला थांबणे माहीत नाही. ते सेकंदाला दहा-बारा मीटर पुढे जातच राहते, आणि तुम्ही विचार करत असता त्या तीन-चार सेकंदांत मैदान संपलेले असते.

नजर कुठवर पुरते

सव्वा मीटरच्या आसपास पंखविस्ताराचे विमान सुमारे १४० मीटरवर पूर्ण चंद्राएवढे रुंद दिसते. ३०० मीटरवर ते चंद्राच्या निम्म्याहूनही लहान होते. निरोगी डोळ्याला साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखता येतो. ३०० मीटर अंतरावर हा बारकावा म्हणजे जवळजवळ नऊ सेंटिमीटर. अशा विमानाच्या पंखाची पुढून मागची रुंदी वीस सेंटिमीटरच्या आत-बाहेर असते, म्हणजे त्या अंतरावर डोळ्याच्या हाती पंखाचे जेमतेम दोन ठिपके लागतात. आकाशात एक काळी रेघ दिसते. ती येते आहे की जाते आहे, डावीकडे कलली आहे की उजवीकडे, हे त्या रेघेवरून सांगता येत नाही. रेडिओ मात्र त्या अंतरावर निवांत चालत असतो, आणि म्हणूनच फसगत होते.

स्वतःची मर्यादा मोजण्याचा एक सोपा उपाय आहे. मैदानावर एका मित्राला विमान हातात देऊन १०० मीटरवर उभे करावे, त्याने ते डोक्यावर धरून एक पंख खाली करावा, नाक कधी तुमच्याकडे तर कधी विरुद्ध दिशेला ठेवावे, आणि तुम्ही प्रत्येक वेळी कोणता पंख खाली आहे व नाक कुठे आहे हे मोठ्याने सांगावे. मग १५० मीटर, मग २००. ज्या अंतरावर उत्तरे चुकू लागतात किंवा उत्तराआधी डोळे किलकिले करावे लागतात, त्याच्या पाऊणपट अंतर ही तुमची उडवण्याची हद्द समजावी, कारण हवेत विमान स्थिर नसते आणि तुमच्यावर ताणही असतो. बहुतेकांची ही हद्द १०० ते १५० मीटरच्या दरम्यान येईल. ती मैदानावरच्या एखाद्या ओळखीच्या खुणेशी जोडून ठेवावी. बांधावरची बाभूळ, विजेचा खांब, काहीही चालेल, परंतु खूण ठरलेली असावी.

रंगाचाही इथे मोठा वाटा आहे. दुकानात पांढरेशुभ्र विमान देखणे दिसते. ढगाळ आकाशात ते नाहीसे होते. पंखाच्या वरच्या बाजूला भडक नारिंगी किंवा लाल रंग, खालच्या बाजूला रुंद काळे पट्टे, आणि डाव्या-उजव्या पंखांत ठळक फरक अशी योजना केली, तर क्षणभर दिसलेल्या बाजूवरूनही विमानाची अवस्था कळते. रंगीत चिकटपट्टीने हे काम अर्ध्या तासात होते. तिचे वजन मात्र शेपटीकडे वाढू देऊ नये.

अंतराच्या अंदाजाची गोष्ट याहून वाईट आहे. दोन डोळ्यांमुळे खोलीची जी जाणीव होते, ती काही दहा मीटरांपलीकडे फारशी उपयोगी पडत नाही. त्यामुळे दूरवरच्या झाडाजवळून जाणारे विमान झाडाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे विमान झाडामागे लपेपर्यंत किंवा फांदीत अडकेपर्यंत समजत नाही. ज्या दिशेला झाडे आहेत, त्या दिशेला झाडांच्या दुप्पट उंचीच्या खाली उतरायचे नाही, असा नियम घालून घेतला की हा प्रश्न अंदाजावर सोडावा लागत नाही.

सूर्य पाठीशी ठेवून उभे राहावे. विमान चुकून सूर्यबिंबावरून गेलेच, तर त्या क्षणी स्टिक हलवू नये. आधी जी स्थिती होती ती तशीच धरून, हाताने नव्हे तर टोपीच्या झडपेने सूर्य झाकून, विमान दुसऱ्या बाजूने बाहेर येण्याची वाट पाहावी. हात ट्रान्समीटरवरून काढायचा नाही.

समोरून येणारे विमान

नवशिक्यांची सर्वांत अधिक विमाने मी याच एका प्रसंगात पडताना पाहिली आहेत. विमान तुमच्यापासून दूर जात असते तोवर त्याचे डावे-उजवे आणि तुमचे डावे-उजवे एकच असते. ते वळून तुमच्याकडे येऊ लागले की स्टिक उजवीकडे दिल्यावर विमान स्वतःच्या उजवीकडे, म्हणजे तुमच्या डावीकडे वळते. कागदावर हे कोणालाही समजते. हवेत मात्र असे घडते : विमान समोरून येते, वाऱ्याने तुमच्या डाव्या हाताकडचा पंख किंचित खाली जातो, तुम्ही सवयीने स्टिक उजवीकडे देता, पंख आणखी खाली जातो, तुम्ही घाबरून उजवीकडे अधिक जोर लावता, आणि दुसऱ्याच सेकंदाला विमान नाक खाली करून मातीत गेलेले असते. प्रत्येक हालचाल त्या क्षणी बरोबरच वाटत होती, हे यातले विशेष.

यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय असा की, विमान तुमच्याकडे येत असताना तुम्हाला जो पंख खाली दिसतो त्याच बाजूला स्टिक द्यावी. खाली गेलेल्या पंखाला स्टिकचा टेकू दिल्यासारखे मनात धरले की डाव्या-उजव्याचा हिशेब करावा लागत नाही. दुसरा उपाय म्हणजे आपले अंग विमानाच्या दिशेने वळवून खांद्यावरून पाहणे. काही जणांना तो सोपा जातो, पण त्याची सवय लागली तर पुढे सोडवणे कठीण होते, म्हणून मी तो पहिल्या काही दिवसांपुरताच सुचवीन.

विमानाची दिशा अजिबात कळेनाशी झाली, तर थ्रॉटल (मोटरचा जोर कमी-जास्त करणारे नियंत्रण) निम्म्याखाली आणून बाकीची नियंत्रणे मध्यावर सोडावीत. वर बसवलेले, टोकांकडे किंचित उचललेले पंख असलेले ट्रेनर विमान पुरेशा उंचीवर असेल तर स्वतःच सरळ होण्याकडे झुकते. मग स्टिक एका बाजूला थोडीशी देऊन तशीच धरावी आणि विमान नजरेत कोणत्या बाजूला सरकते ते पाहावे. स्टिकच्या बाजूला सरकले तर ते दूर चालले आहे, उलट बाजूला सरकले तर तुमच्याकडे येत आहे. एवढे कळल्यावर ते परत आणणे हे साधे काम राहते. उंची मात्र हाताशी असली पाहिजे. म्हणून शिकताना ४० ते ६० मीटर उंचीवर उडवावे. खूप खाली उडवणे सुरक्षित असते, हा समज उलटा आहे.

या सगळ्याचा सराव संगणकावरील सिम्युलेटरवर, आपलाच ट्रान्समीटर जोडून, भरपूर करता येतो, आणि विमान विकत घेण्याआधी करावा. सिम्युलेटर दिशेची सवय लावतो. अंतराचा अंदाज आणि छातीतली धडधड तो शिकवत नाही. त्यासाठी जाणत्या माणसाचा ट्रान्समीटर आपल्या ट्रान्समीटरशी जोडून उडवण्याची जी बडी बॉक्सची सोय असते, तिच्याइतका चांगला मार्ग नाही.

अंगाला न कळणारा वेग

विमानात बसलेल्या वैमानिकाला वेगमापक दिसतो, आसनाचा दाब जाणवतो, वेग घटला की नियंत्रणे सैल पडल्याचे हाताला कळते. जमिनीवरच्या माणसाला यांपैकी काहीच मिळत नाही. त्याला दिसतो तो विमानाचा जमिनीच्या संदर्भातला वेग, आणि पंखाला हवा असतो तो हवेच्या संदर्भातला.

समजा विमान हवेत ताशी ४० किलोमीटरने उडते आहे आणि वारा ताशी १५ किलोमीटर आहे. वाऱ्याच्या तोंडावर ते जमिनीवरून ताशी २५ किलोमीटरने रखडत जाताना दिसेल आणि वळून वाऱ्याबरोबर आले की ताशी ५५ ने सुसाटताना दिसेल. पंखांना दोन्ही वेळी ४० च मिळत आहेत. पण दुसऱ्या वेळी उडवणाऱ्याला वाटते की विमान फार जोरात चालले आहे. तो थ्रॉटल कमी करतो, नाक वर-खाली करणारा एलेव्हेटर ओढतो, आणि पंखांवरून जाणारी हवा उच्चालनाला अपुरी पडून विमान स्टॉल होते, म्हणजे पंखांचा आधार सुटून कोसळू लागते. मग 'अचानक रेडिओ गेला' असे सांगितले जाते. वाऱ्याबरोबर जाताना थ्रॉटल वाऱ्याच्या तोंडावर होते तेवढेच ठेवावे आणि डोळ्यांवर नव्हे, स्टिकच्या जागेवर विश्वास ठेवावा, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ होते. मोटरचा आवाजही मदत करतो; त्याची पट्टी ऐकण्याची सवय लवकर लावून घ्यावी.

वाऱ्याची वरची मर्यादा म्हणून विमानाच्या नेहमीच्या वेगाचा एक तृतीयांश हा आकडा नवशिक्याने धरावा. देशावर सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास बहुधा शांत असतात. चैत्र-वैशाखात दहा वाजल्यानंतर माळ तापतो, हवेचे लोट वर चढू लागतात, वावटळी उठतात, आणि हलके फोमचे विमान त्यांत पाचोळ्याच्या मोलाचे ठरते. कोकणात दुपारचा खारा वारा असतो, तेव्हा तिथेही सकाळच बरी.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट नकळत घडते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे पारा ४० अंशांवर गेला की हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा साधारण १४ टक्के विरळ होते, आणि त्यामुळे स्टॉलचा वेग सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. डिसेंबरच्या पहाटे अलगद उतरणारे तेच विमान एप्रिलच्या दुपारी जमिनीवर आदळले, तर त्याचे कारण इथे शोधावे.

स्टॉल कसा दिसतो हे उंचीवर मुद्दाम पाहून घ्यावे. ५० मीटरवर, वाऱ्याच्या तोंडावर, पंख सपाट ठेवून थ्रॉटल पूर्ण बंद करावे आणि उंची टिकवण्यासाठी एलेव्हेटर हळूहळू ओढत राहावे. विमान मंदावते, त्याला डावी-उजवीकडे कलवणाऱ्या एलेरॉनला उत्तर उशिरा देऊ लागते, क्षणभर लोंबल्यासारखे होते आणि मग नाक किंवा एखादा पंख खाली टाकते. एलेव्हेटर सोडून द्यावा, वेग आला की थ्रॉटल देऊन सरळ करावे. ते लोंबकळणे एकदा डोळ्यांत बसले की पुढे उतरताना ते ओळखता येते.

लहान विमान सोपे नसते

स्वस्त आणि पडले तरी नुकसान कमी, म्हणून पुष्कळ जण वीतभर विमानापासून सुरुवात करतात. आकार निम्मा केला की वजन सुमारे आठव्या हिश्श्यावर येते आणि फिरण्याला होणारा जडत्वाचा विरोध बत्तिसाव्या हिश्श्यावर. त्यामुळे लहान विमान प्रत्येक झुळकेने आणि स्टिकच्या प्रत्येक स्पर्शाने झटक्यात कलते. माणसाला दिसलेल्या गोष्टीवर हात हलवायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. लहान विमानाला तेवढा वेळ फार होतो. १.२ ते १.५ मीटर पंखविस्तार हा म्हणून सुरुवातीला योग्य. ट्रान्समीटरमध्ये नियंत्रणांची चाल कमी ठेवावी आणि स्टिकच्या मध्याजवळ प्रतिसाद मऊ करणारी एक्स्पोची सोय ३० टक्क्यांच्या आसपास लावावी.

गुरुत्वमध्य पुस्तिकेत सांगितलेल्या जागीच असावा. आकडा नसेल तर पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश. बॅटरी पुढे-मागे सरकवून तो साधता येतो. विमान शेपटीला जड राहिले तर हे सगळे विवेचन व्यर्थ आहे, कारण ते कोणाच्याच हातात राहत नाही.

रेडिओचे खरे दोष

३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या जुन्या संचांमध्ये एकाच चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर सुरू केला की कोणाचे तरी विमान पडणार हे ठरलेले असे, आणि म्हणून मैदानावर चॅनेलचे बिल्ले टांगलेला फळा ठेवावा लागे. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी तो त्रास संपवला. त्यांचे दोष वेगळे आहेत.

या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते, आणि विमानातल्या रिसीव्हरच्या अँटेनाचे काम तिच्या टोकाचा ३१ मिलिमीटरचा उघडा भाग करतो. तो भाग दुमडलेला, बॅटरीखाली दबलेला किंवा कार्बन फायबरच्या नळीला चिकटलेला असेल, तर चांगल्यात चांगला संच निकामी ठरतो. दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात ठेवाव्यात. ट्रान्समीटरची अँटेना बाजूंना जोरात आणि टोकाच्या दिशेने अगदी क्षीण संदेश टाकते. तिचे टोक विमानाकडे रोखण्याची सहजप्रवृत्ती असते, ती मोडावी. तसेच पाणी या लहरीला शोषून घेते, म्हणून पावसाने भिजलेल्या झाडीमागे किंवा माणसांच्या घोळक्यामागे विमान गेले की संदेश खालावतो.

उडवण्याच्या प्रत्येक दिवशी रेंज चेक करावा. ट्रान्समीटर कमी शक्तीच्या अवस्थेत टाकून पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावर, बहुधा तीसेक पावलांवर जावे, मित्राने विमान कमरेच्या उंचीवर धरून चारी बाजूंना फिरवावे आणि तुम्ही सर्व नियंत्रणे हलवावीत. मग हेच मोटर चालू ठेवून करावे. मोटर बंद असताना ठीक असणारा संच ती सुरू झाल्यावर अडखळू लागला, तर दोष तारांच्या मांडणीत किंवा सर्व्होंना (नियंत्रणे हलवणाऱ्या छोट्या मोटरींना) पुरवल्या जाणाऱ्या विजेत असतो. यानंतर फेलसेफ, म्हणजे संदेश तुटल्यावर मोटर आपोआप थांबवण्याची सोय, तपासावा. प्रोपेलर काढून, मोटर थोडीशी फिरत असताना ट्रान्समीटर बंद करावा. मोटर लगेच थांबली पाहिजे. ती फिरतच राहिली तर त्या दिवशी उडवू नये. एक किलोचे विमान सेकंदाला १५ मीटर वेगाने आदळले, तर तो आघात चौथ्या मजल्यावरून पडलेल्या किलोभर वजनाइतका असतो, आणि पुढे फिरता पंखा असतो तो निराळाच.

सुरू करताना आधी ट्रान्समीटर, मग विमानाची बॅटरी; बंद करताना याच्या उलट. हा क्रम कधीही मोडू नये.

संदेश पोहोचायला लागणारा वेळ आपल्या संचात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास असतो, म्हणजे नगण्य. मोठ्या मानवरहित विमानांची अवस्था याबाबत आपल्याहून बिकट आहे. अमेरिकी हवाई दलाची प्रेडेटर आणि रीपर ही विमाने हजारो किलोमीटरवरून उपग्रहामार्फत चालवली जात. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तिथवर जाऊन खाली यायला लहरीला पाव सेकंद लागतो, चित्र परत यायला तेवढाच, आणि त्यावर यंत्रणांचा विलंब. एकूण उशीर सेकंदाच्याही पुढे गेल्याने इतक्या दुरून हाताने विमान उतरवणे धोक्याचे होते, म्हणून वर्षानुवर्षे उड्डाण आणि अवतरण ही दोन कामे धावपट्टीशेजारी बसलेली वेगळी तुकडी थेट रेडिओवर करत असे.

विलंब नसतानाही दुरून उतरवणे किती कठीण, याचे उदाहरण १ डिसेंबर १९८४ चे आहे. इंधनाचा भडका कमी करणाऱ्या द्रव्याची परीक्षा पाहण्यासाठी नासा आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावर एक बोइंग ७२० विमान मुद्दाम जमिनीवर आदळवले. ते जमिनीवरच्या कक्षातून चालवणारे फिट्झह्यू फुल्टन हे नासाचे मुरलेले चाचणी वैमानिक होते आणि आधी पुष्कळ सराव उड्डाणे झाली होती. तरीही शेवटच्या टप्प्यात विमान डोलू लागले, नाक सरळ राहिले नाही, डावा पंख आधी टेकला आणि ठरवलेली सरळ घसरण झालीच नाही. आग विझायला तासाहून अधिक वेळ लागला. आपल्या पहिल्या अवतरणाबद्दल फार खंत करू नये, असे मी शिकणाऱ्यांना सांगतो ते यामुळे.

उलट बाजूचे उदाहरण मेनार्ड हिल यांच्या चमूचे. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांचे पाच किलोंहून कमी वजनाचे मॉडेल विमान कॅनडातील न्यूफाउंडलंडहून निघून ३८ तास ५२ मिनिटांत अटलांटिक ओलांडून आयर्लंडमध्ये उतरले. हाताने उडवलेला भाग फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा. समुद्रावरचे सुमारे ३,००० किलोमीटर स्वयंचलित यंत्रणेने सांभाळले. जिथे नजर आहे तिथे हात, जिथे नजर नाही तिथे यंत्र, ही त्यांनी केलेली वाटणी विचार करण्याजोगी आहे. आज स्वस्तात मिळणारे, विमान आपोआप सरळ ठेवणारे जायरो आणि जीपीएसवर परत फिरण्याची सोय हेच काम लहान प्रमाणात करतात. ती सोय घ्यावी, पण तिच्या जोरावर आपली हद्द वाढवू नये.

उतरवणे

उतरताना सगळ्या अडचणी एकत्र येतात : विमान मंद असते, नियंत्रणे दुबळी असतात, ते बऱ्याचदा तुमच्याकडे तोंड करून येते आणि खोलीचा अंदाज लागत नाही. यांतली एक अडचण तरी उभे राहण्याच्या जागेने कमी करता येते. विमान स्वतःच्या अंगावर आणू नये. ते तुमच्या समोरून, पंधरा-वीस मीटरवरून, वाऱ्याच्या तोंडावर आडवे जाऊन उतरेल अशी धावपट्टी धरावी. मग त्याचे नाक, त्याची उतरण आणि जमिनीपासूनची उंची बाजूने स्वच्छ दिसते.

उतरण्याआधी वाऱ्याबरोबर एक सरळ फेरी, मग काटकोनात वळण, मग वाऱ्याकडे शेवटचे वळण, असा ठरीव मार्ग घ्यावा, आणि तो प्रत्येक वेळी त्याच खुणांवरून घ्यावा. शेवटच्या टप्प्यात उंची थ्रॉटलने आणि वेग एलेव्हेटरने सांभाळायचा असतो. विमान अलीकडे पडेल असे वाटले तर थ्रॉटल द्यावे. एलेव्हेटर ओढून ते लांबवण्याचा मोह झाला की मघाचा स्टॉल तीन मीटर उंचीवर होतो, आणि तिथून सावरायला जागा नसते. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर आल्यावर थ्रॉटल पूर्ण बंद करून एलेव्हेटर अगदी हलका ओढावा, म्हणजे ते मागच्या चाकांवर टेकेल.

विमान तुमच्या समोर आले तरी खांद्याच्या वर असेल, तर उतरवण्याचा हट्ट न धरता थ्रॉटल हळूहळू पूर्ण द्यावे, पंख सपाट ठेवावेत, दहा मीटर उंची मिळेपर्यंत वळू नये आणि पुन्हा फेरी घ्यावी. अशा दोन-तीन फेऱ्यांपुरती बॅटरी राखलेली हवी. २२०० एमएएचची बॅटरी ८० टक्के वापरायची आणि सरासरी १२ अँपिअर विद्युतप्रवाह लागतो असे धरले, तर पावणेनऊ मिनिटे मिळतात. ट्रान्समीटरवरचा टायमर सहा मिनिटांवर लावावा.

कुठे आणि कोणाच्या परवानगीने

भारतात ड्रोन नियम, २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत आणि करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवली जाणारी, २५ किलोंपर्यंतची मॉडेल विमाने त्यांत स्पष्टपणे गणली आहेत. अशा विमानाला प्रकार प्रमाणपत्र लागत नाही. २५० ग्रॅमपर्यंतचे यान नॅनो, त्यापुढे दोन किलोंपर्यंतचे मायक्रो. आपले ट्रेनर बहुधा मायक्रो गटात येते आणि व्यावसायिक वापर नसेल तर त्यासाठी वैमानिक परवान्याची अट नाही. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहणे मात्र अनिवार्य समजावे. हिरव्या क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीखेरीज उडवता येत नाही. पुण्यात लोहगावचा हवाई तळ आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी विसरून चालणार नाही. मुंबईत पोलीस वेळोवेळी मनाईचे आदेश काढतात, आणि त्यांत ड्रोनबरोबर रिमोटवरच्या विमानांचाही उल्लेख असतो. गावच्या गायरानावर उडवायचे असले तरी ग्रामपंचायतीला आणि शेजारच्या शेतकऱ्याला आधी सांगितलेले बरे.

संक्रांतीच्या आगेमागे पतंगांच्या मांजापासून दूर राहावे. घारी फोमच्या विमानावर झेपावतात. त्या घिरट्या घालू लागल्या की उतरवावे. हेलिकॉप्टरचा आवाज आला तर ते कुठे आहे हे शोधत न बसता विमान ताबडतोब खाली आणावे.

विमान हद्दीबाहेर जाऊन दिसेनासे झालेच, तर थ्रॉटल बंद करून ते जिथे शेवटचे दिसले त्याच्यामागची क्षितिजावरची खूण लगेच पक्की करावी आणि त्या रेषेतच चालत जावे. उसाच्या फडात किंवा ज्वारीत शिरण्यापूर्वी एकाने बाहेर उभे राहून दिशा सांगावी. ट्रान्समीटर चालू ठेवून एलेरॉन हलवत राहिल्यास जवळ गेल्यावर सर्व्होंचा आवाज ऐकू येतो. सापडल्यावर प्रथम बॅटरीची जोडणी काढावी. ती चेपली किंवा फुगली असेल, तर मोकळ्या जागी मातीवर अर्धा तास ठेवून तिच्यावर लक्ष ठेवावे, आणि ती गरम होत नाही अशी खात्री पटल्याखेरीज गाडीत घेऊ नये.